लीशवरचा कुत्रा आणि टेकडीवरचं राखीव जंगल: चढाची काळजी नको, उताराची करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कुत्रा दोन वर्षांचा, मिश्र जातीचा, २२ किलोचा आहे, रोज तासभर फिरतो, हाक मारली की येतो. आता त्याला टेकडीवरच्या निसर्ग राखीव भागात न्यायचंय, सहा किलोमीटरचा गोल रस्ता आहे आणि तिथे लीश, म्हणजे कुत्र्याला लावून हातात धरायची दोरी, सक्तीची आहे. एवढा शहाणा कुत्रा असताना लीश खरंच लागते का, पाणी किती न्यायचं, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घ्यायचा की गळ्यातला पट्टा पुरे, गोचिडांचं काय करायचं आणि मागच्या वेळी तो अर्ध्या वाटेत आडवा का झाला, एवढं विचारलंय. शिवाय मैत्रिणीच्या पगला सोबत न्यायचं म्हणताय, त्या पगकडे शेवटी येतो.

मी गेली १४ वर्षं कुत्र्यांना ट्रेनिंग देतोय आणि लोकांना त्यांच्या कुत्र्यांसकट डोंगरात फिरवून आणतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मागच्या वेळचं बघू कारण बाकीची अर्धी उत्तरं त्यातच आहेत. तुम्ही लिहिलंय की वरपर्यंत मस्त उड्या मारत गेला आणि मग अचानक सावलीत आडवा झाला, उठेचना. अचानक नसतं हो ते. माणूस दमला की कुरकुर करतो, बसू या म्हणतो, पाण्याची बाटली मागतो. कुत्रा तसलं काही करत नाही, तुम्ही चालताय ना, मग तो चालतो, आणि नवीन वास नवीन जागा म्हटल्यावर तर अंगात असेल नसेल ते सगळं लावून चालतो. त्याने नको म्हणायची वाट बघत बसलात तर तो म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो, त्याच्या वतीने नको म्हणणं हे तुमचं काम आहे, आणि पूर्ण ट्रेकमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे.

आता जिभेकडे बघायला शिका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना थोडा येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून जिभेवरची आणि नाकातली ओल उडवून बाहेर काढतो. हवा दमट असली की ही ओल उडतच नाही, म्हणून ऊन नसलेल्या पण कोंदट दिवशीही कुत्रा तापतो आणि मालक म्हणतो अहो ऊन कुठे होतं. सुरुवातीला जीभ सरळ आणि अरुंद लोंबते. मग ती रुंद व्हायला लागते, टोकाला चमच्यासारखी वळते, तोंडाचे कोपरे कानाकडे खेचले जातात. ही वेळ थांबायची. त्यापुढे लाळ घट्ट होऊन तिच्या तारा लोंबतात, कुत्रा एका सावलीतून पुढच्या सावलीत असा चालायला लागतो, तुमच्या हाकेला कान हलवतो पण बघत नाही. ही वेळ ट्रेक संपवायची. तुमचा आडवा झालेला कुत्रा या सगळ्या पायऱ्या उतरून तिथे पोचला होता, तुमचं लक्ष व्ह्यूकडे होतं इतकंच. रागावू नका, माझंही झालंय.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१च्या पुढे गेलं की आतले अवयव धोक्यात येतात, म्हणजे मधे जागा फार नाहीये. उष्माघात म्हटलं की सगळ्यांना बंद गाडीत ठेवलेला कुत्रा आठवतो, पण ब्रिटनमधल्या व्हेटकडच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २०२०मध्ये आला त्यात उष्णतेच्या त्रासाच्या साधारण ७४ टक्के केसेस चालण्या-पळण्यातून झालेल्या निघाल्या आणि बंद गाडीच्या पाचेक टक्के. तेव्हा तो कधी परत असा आडवा झाला आणि झोकांड्या जायला लागला, उलटी झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, तर आधी थंड करा आणि मग न्या, हा क्रम उलटा करू नका. सावलीत घ्या, असेल ते पाणी सगळ्या अंगावर ओता, नुसतं डोक्यावर नाही, पोट, मांड्यांच्या आतली बाजू, पंजे, केस बाजूला करून कातडीपर्यंत भिजू द्या आणि टोपीने नाहीतर नकाशाने वारा घालत रहा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो पाच मिनिटांत गरम होतो आणि मग गोधडीसारखं काम करतो. थंड पाण्याने शॉक बसतो असं जुने लोक सांगायचे, आता व्हेट तसं म्हणत नाहीत, हाताशी असेल ते पाणी वापरा. पाणी प्यायला पुढे ठेवा पण जबरदस्तीने तोंडात ओतू नका. आणि उठून शेपटी हलवायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, किडनीचा त्रास नंतर वर येतो.

पाणी. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली धरतात, म्हणजे तुमच्याला सव्वा लिटर नुसतं घरी. तीन तासांच्या टेकडीसाठी मी २२ किलोच्या कुत्र्याला दीड लिटर त्याचं स्वतःचं नेतो आणि वर अर्धा लिटर अंगावर ओतायला, त्या अर्ध्या लिटरला कुणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट द्यायचे, एकदम वाडगाभर नाही. वरचं साठलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टो आणि जिआर्डिया हे दोन्ही आजार तिथून येतात, आणि पाण्यावर हिरवा-निळा रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर पाय सुद्धा बुडवू देऊ नका, ते निळं-हिरवं शेवाळ काही वेळा तासाभरात कुत्रा मारतं. जेवण निघायच्या दोन-तीन तास आधी आणि थोडंच. भरल्या पोटी उड्या मारल्या की खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडायचा धोका असतो.

वेळेचं म्हणाल तर सकाळी लवकर, एवढंच. वरचा उघडा कातळ उन्हात किती तापतो हे बुटांतून कळत नाही, हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकवायचे नाहीत.

आता लीश. हाक मारली की येतो ना, छान, पण घराजवळ येतो. ससा समोरून उठला आणि कुत्रा त्याच्यामागे सुटला की त्या क्षणी त्याला तुमची हाक ऐकूच येत नाही, तो उद्धट झालेला नसतो, त्याच्या डोक्यात तेवढी एकच गोष्ट चालू असते. सपाट मैदानात त्याचं फार बिघडत नाही, दोन मिनिटांत परत येतो. टेकडीवर कडा असतो, घसारा असतो, आणि सशाला ती वाट पाठ असते, तुमच्या कुत्र्याला नसते.

पण खरं सांगू का, तुमच्या कुत्र्याचा जीव हे लीशचं अर्धंच कारण आहे. राखीव जागा त्या प्राण्यांसाठी राखलीय, आपण पाहुणे. सिडनीजवळच्या झाडीत २००७मध्ये एक साधा प्रयोग झाला होता, पायवाटांवरून लीशवरचा कुत्रा नेला, काही वाटांवर नुसती माणसं नेली, आणि पक्षी मोजले. कुत्रा नेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी दिसले, नुसत्या माणसांचा परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी. लीश लावलेली होती हां. म्हणजे लीश लावली की आपण सुटलो असं नाहीये, पक्ष्याला दोरी दिसत नाही, त्याला लांडग्याचा भाऊ दिसतो.

मला हे पुस्तकातून नाही, एका टिटवीने शिकवलं. भुरी म्हणून माझी कुत्री होती, अगदी गाय, लीशवर दोन मीटरच्या बाहेर कधी जायची नाही. वरच्या पठारावर आम्ही पाणी प्यायला थांबलो आणि डोक्यावर टिटवी ओरडायला लागली, एकदा इकडून झेप, एकदा तिकडून, मग जरा लांब जमिनीवर उतरून पंख मोडल्यासारखा ओढत चालायला लागली. मला वाटलं वा काय फोटो मिळतोय, बसलो तिथेच वीसेक मिनिटं. उठताना दिसलं, माझ्या सॅकपासून हातभर अंतरावर, नुसत्या खड्यांमध्ये चार अंडी, मातीच्या रंगाची, ठिपकेवाली, घरटं म्हणावं असं काहीच नाही. साडेदहाचं ऊन होतं आणि त्यांच्यावर सावली धरायला जी बसायची ती बिचारी माझ्यासमोर लंगडायचं नाटक करत होती. भुरीने अंड्यांकडे बघितलंही नव्हतं. कुत्रीची चूक शून्य, माझी शंभर टक्के. तेव्हापासून पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला किंवा समोर लंगडायला लागला की मी फोटो काढत नाही, आल्या वाटेने पाय जपत मागे फिरतो.

त्यामुळे विणीच्या महिन्यांत पठारावरून जाणारी वाट सोडून झाडीतली वाट घ्या, शक्य असेल तर. इंग्लंडमध्ये मोकळ्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या लीशवर ठेवायचा असा कायदाच आहे तो याच जमिनीवर अंडी घालणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर सहा फूट. दोन वेगळे देश जवळजवळ एकाच आकड्यावर आले, त्या लांबीत कुत्रा वाटेवरच राहतो आणि तरी त्याला मान खाली घालून वास घेता येतो. आणि निघण्याआधी तिथे कुत्रा मुळात चालतो का, कुठल्या वाटेवर चालतो हे विचारून घ्या. काही जागी अजिबात चालत नाही. तिथे गेटवर जाऊन माझा लीशवरच आहे म्हणून वाद घालू नका, वरची टिटवी आठवा.

कुठली लीश, तर साधी, दीड ते पावणेदोन मीटरची, पट्टीची. ती बटण दाबून लांब-आखूड होणारी आहे ना घरी, ती घरीच ठेवा. तिची दोरी बारीक असते, झुडपाला गुंडाळते, पायाला बसली तर कापते, आणि हँडल हातातून सुटलं की ते खडखडत कुत्र्याच्या मागे धावतं, कुत्रा त्या आवाजाला घाबरून आणखी जोरात पळतो, हे मी दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा कुत्रा संध्याकाळी सापडला. रबरी मुलामा दिलेली लीश मिळते ती चांगली, पाणी पीत नाही आणि तिला कुसळं चिकटत नाहीत.

हार्नेस घ्याच. पुढून वायच्या आकाराचा, म्हणजे खांदा मोकळा राहतो, आडव्या पट्टीवाला घेतलात तर पट्टी नेमकी खांद्यावर येते आणि पाऊल आखूड पडतं. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. आणि पाठीवर पकडायला हँडल असलेला, डोंगरासाठी हे हँडल म्हणजे अर्धा हार्नेस, मोठ्या दगडावर त्याला मागून जरा उचलून द्यायला लागतं तेव्हा कळेल. घेतल्यावर घरीच एक परीक्षा करा, लीश हातात धरून त्याच्या समोर उभे रहा आणि हळू ओढा, कुत्रा मागे मागे सरकतो आणि बरेच हार्नेस टी-शर्टसारखे डोक्यावरून निघून येतात. घाबरलेला कुत्रा नेमका असाच सुटतो. निघत असेल तर गळ्यातल्या पट्ट्यालाही जोडणारी छोटी दुहेरी कडी लावा. गळ्यातला पट्टा काढू नका, त्यावर तुमचा फोन नंबर हवा.

आता उतार, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. सगळे चढाची काळजी करतात. चढताना कुत्रा ओढतो तेव्हा मजाच वाटते, फुकट इंजिन. उतरताना तोच कुत्रा, तेवढ्याच जोराने, चार पायांवर, खाली. तुमचे पाय दमलेले, गुडघे थरथरतायत, खाली मुरूम, आणि २२ किलो पुढे झटका देतायत. माझ्यासोबत आलेल्यांपैकी जे पडलेत ते जवळजवळ सगळे उतरताना पडलेत आणि कुत्रा पुढे असताना पडलेत. एका गृहस्थांनी लीश मनगटाला तीन वेढे मारून घेतली होती, सुटायला नको म्हणून, पडले तेव्हा हात सोडवता आला नाही, मनगट मोडलं आणि कुत्राही त्यांच्यासोबत घसरत आला. लीश कधीही मनगटाला गुंडाळायची नाही. हँडलमधून फक्त अंगठा घालायचा, उरलेली लीश घडी घालून तळहातात धरायची, मूठ उघडली की सगळी सुटली पाहिजे. कमरेला बांधायचा पट्टा सपाटीवर मस्त, उतार लागला की काढून हातात.

यावर उपाय एकच शब्द, 'मागे'. कुत्र्याने तुमच्या मागे चालायचं, तुमच्या गुडघ्याच्या पुढे नाक नाही. हे टेकडीवर शिकवता येत नाही, घरी दोन-तीन आठवडे लागतात. एका बाजूला भिंत असेल अशी चिंचोळी जागा शोधा, जिन्याखालचा बोळ चालेल. भिंत आणि तुम्ही यांच्यात कुत्रा. खाऊ मागच्या हातात, मांडीच्या मागे. चालायला लागा, तो पुढे नाक घालायला लागला की तुम्ही थांबायचं, ओरडायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं दगड व्हायचं. तो कंटाळून मागे सरकला की त्याच क्षणी मांडीमागून खाऊ. खाऊ तिथेच, मागे मिळतो, हे डोक्यात बसलं की तो स्वतःहून तिथे रेंगाळायला लागतो आणि मग तुम्ही 'मागे' हा शब्द त्याला चिकटवायचा. आधी शब्द आणि मग कृती केलीत तर शब्दाला काही अर्थच राहत नाही. त्यानंतर जिना, जिना उतरताना जमलं की टेकडी.

कमरेएवढी पायरी आली तर आधी तुम्ही उतरा, तो वर बसलेला, लीश ढिली, पाय घट्ट रोवून बाजूला उभे रहा, त्याच्या उडीच्या रेषेत नाही. मग बोलवा. उडी मारताना लीश ताणून धरलीत तर हवेत त्याचा तोल जातो. आणि फार उंच असेल तर उडी नकोच, हँडल आणि पोटाखाली हात, उचलून घ्या. तोच नियम मी वाट निवडताना लावतो, जिथून मला हा कुत्रा उचलून खाली आणता येणार नाही तिथे मी त्याला वर नेत नाही. २२ किलो म्हणजे गंमत नाही, घरी एकदा खांद्यावर घेऊन जिना उतरून बघा, म्हणजे सहा किलोमीटरचा आकडा वेगळा दिसायला लागेल. दुखापत झालेल्या कुत्र्याला बॅगेसारखं पाठीवर घ्यायची घडीची झोळी मिळते, वजन काही नाही, मी नेतोच. आणि पहिल्याच वेळी गोल रस्ता नका घेऊ. गोल रस्त्याला अर्ध्यात गेल्यावर परत फिरणं आणि पुढे जाणं सारखंच पडतं, आल्या वाटेने परत येणारी वाट घेतलीत तर केव्हाही शेपूट घालून मागे फिरता येतं.

वाटेत माणसं भेटली तर बाजूला तुम्ही व्हायचं, चढणारा असो उतरणारा असो. गवतावर फुलांवर नाही, एखाद्या दगडावर. कुत्रा डोंगराच्या बाजूला, मधे तुम्ही, बसवून. आणि ते "तो काही करत नाही हो" म्हणणं बंद करा प्लीज, समोरच्याला लहानपणी काय चावलंय आपल्याला माहीत नसतं. दुसरा लीशवरचा कुत्रा आला तर नाकासमोर नाक भिडवू नका, लीश ताणली की चांगले चांगले कुत्रे गुरगुरतात कारण पळायला जागा नाही हे त्यांना कळतं. अर्धगोल वळसा घ्या, नाहीतर दहा पावलं मागे येऊन त्यांना जाऊ द्या.

लीश सोडायची अशी एकच वेळ मला माहितीय. चरणारी गुरं अंगावर आली तर सोडून द्या. ती कुत्र्यावर धावतात, विशेषतः सोबत वासरू असलेल्या गाई, कुत्रा त्यांच्यापेक्षा जोरात पळतो आणि वाचतो, मधे सापडता तुम्ही. मुळात वासरं दिसली की लांबून वळसा घ्यायचा.

शी उचलायची, पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, खाली आणून टाकायची. परत येताना घेऊ म्हणून झुडपाला बांधून ठेवलेल्या पिशव्या मी एवढ्या उचलल्यात की त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. जंगलात प्राणीही करतातच की, असं म्हणू नका. जंगलातला प्राणी तिथलंच खातो आणि तिथेच टाकतो, तुमचा कुत्रा घरचं खाऊन तिथे टाकतो, म्हणजे रोज बाहेरून खत येतं. बेल्जियममधल्या गेंटजवळच्या राखीव भागांत मोजलं तर कुत्र्यांच्या शी-शूमधून वर्षाला हेक्टरी ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडत होतं, २०२२मध्ये आलं ते. टेकडीवरच्या हलक्या मातीत जी नाजूक रोपं उगवतात ती माती गरीब असते म्हणूनच उगवतात, खत पडलं की दांडगं गवत येतं आणि त्यांना दाबून टाकतं. त्याच लोकांचा हिशोब असा की शी उचलली तर फॉस्फरस जवळजवळ सगळाच थांबतो, कारण तो शूमध्ये नसतोच फारसा. एवढ्या सोप्या कामाला एवढा फायदा क्वचित मिळतो.

लसी वेळेवर पाहिजेत, विशेषतः डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार) आणि रेबीज. १९९४मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले साधारण हजार सिंह, म्हणजे एक तृतीयांश, डिस्टेंपरने मेले आणि तो आजार आजूबाजूच्या पाळीव कुत्र्यांकडून गेल्याचं मानलं जातं.

गोचिडांसाठी व्हेटला विचारून महिन्या-तीन महिन्यांची गोळी चालू करा, निघायच्या आदल्या दिवशी नाही, आधीच. गोळीने गोचीड चढायची थांबत नाही, चावून मरते, त्यामुळे तपासणं चुकत नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे कुत्र्यावर मारू नका, मांजराला ते विष आहे. घरी आल्यावर नाही, गाडीत बसायच्या आधी बोटांनी तपासा, डोळ्यांनी नाही: कानाच्या आत आणि मागे, पापण्या, पट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीखाली, प्रत्येक बोटाच्या मधे. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला टेकून तोंडाशी धरायची आणि सरळ वर, सावकाश, एकाच दाबाने ओढायची. रॉकेल, तेल, पेटलेली काडी, हे काही नाही, त्याने ती जास्त लाळ सोडते आणि आजार लाळेतूनच जातो. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मरगळ, ताप, खाणं सोडणं, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर डॉक्टरला ती तारीख सांगा, अर्धं काम सोपं होतं.

पण वाळलेल्या गवताच्या दिवसांत मला गोचिडांपेक्षा कुसळांची जास्त भीती वाटते. कुसळ एकाच दिशेने सरकतं, पुढे, मागे येतच नाही, बोटांच्या मधे घुसलं की कातडीखालून वर चढत जातं आणि आठवड्याने पाय सुजतो तेव्हा आपल्याला वाटतं मुरगळला. कुत्रा एकाच पंजाला सारखा चाटत असेल, एकाएकी डोकं झटकायला लागला असेल किंवा लागोपाठ शिंका देत असेल तर थांबू नका. जायच्या आधी बोटांमधले केस कापून ठेवलेत तर निम्मा त्रास वाचतो. नखंही कापा, पण तीन-चार दिवस आधी, त्याच दिवशी नको.

साप दिसला तर आखूड लीश, मागे फिरा, संपलं. चावलाच तर कुत्र्याला चालवू नका, उचला, पट्टा आणि हार्नेस सैल करा कारण सूज येते, आवळून बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ यातलं काही नाही, सरळ दवाखाना. सापाचं औषध कुठल्या दवाखान्यात असतं हे निघायच्या आधी फोन करून विचारा, त्या वेळी शोधत बसायला वेळ नसतो. आणि माणसांची पेनकिलर देऊ नका, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक आहेत. तुमच्या खाऊच्या पाकिटात मनुका, चॉकलेट असेल तर ते वरच्या कप्प्यात, चेन लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठताना बघा. जरा आखडून उठला आणि पाच मिनिटांत सरळ झाला तर ठीक, दोन दिवस नुसतं शी-शूपुरतं बाहेर न्या. लंगडत असेल तर आधी गाद्या बघा, सोललेल्या असतील. शू गडद चहासारखी झाली तर वाट बघू नका, डॉक्टरकडे.

आणि तो पग. नका नेऊ. मैत्रिणीला वाईट वाटेल पण नका नेऊ. धापा टाकून थंड व्हायचं ज्या नाकातून ते नाकच त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून चपटं करून ठेवलंय, घरात सोफ्यावर घोरतो तेव्हा आपण हसतो, ते घोरणं म्हणजे हवा आत जायला धडपडणं असतं. तुमच्या कुत्र्याला जो चढ वॉर्मअप आहे तो त्याला उष्माघात आहे, आणि तुमचा पुढे चाललाय म्हटल्यावर तोही जीव तोडून मागे येईल. त्याला न्यायचंच असेल तर पायथ्याशी, सूर्य उगवायच्या आधी, वीस मिनिटं, हार्नेसवर. वर तुम्ही दोघंच जा.